ड्राफ्टमधील दुखापती आणि जनरल मॅनेजरचा हिशेब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंची संघांनी आळीपाळीने करायची निवड, एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस चालतो. सात फेऱ्या, ३२ संघ, अडीचशेच्या आसपास नावे. शेवटचे नाव पुकारून होत नाही तोच शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे प्रत्येक संघाला गुण वाटले जातात. ज्या जनरल मॅनेजरने, म्हणजे संघाचे खेळाडू निवडणाऱ्या अधिकाऱ्याने, गुडघ्यावर, पाठीवर किंवा टाचेवर शस्त्रक्रिया झालेला खेळाडू घेतला असेल, त्याच्या नावापुढे ‘जुगार’ हा शब्द ठरलेला. पुढे तो खेळाडू गाजला की तोच जनरल मॅनेजर द्रष्टा ठरतो आणि खेळाडू घरी बसला की त्याला काही कळतच नव्हते असे छापून येते. मधला हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडता येतो आणि त्याला लागणारी बरीच माहिती जाहीर असते, म्हणून हे पत्र.

इंडियानापोलिसला फेब्रुवारीच्या शेवटी भरणारी कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंची एकत्रित चाचणी, चाळीस यार्डांच्या धावेसाठी प्रसिद्ध आहे. संघांच्या लेखी मात्र तिथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वैद्यकीय तपासणी. तीनशेहून अधिक खेळाडू एका जागी येतात, जुन्या-नव्या प्रत्येक दुखापतीचे एक्स-रे आणि एमआरआय निघतात, हृदयाचा आलेख काढला जातो आणि संघांचे डॉक्टर प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना एप्रिलमध्ये त्याच शहरात फेरतपासणीसाठी बोलावतात. शिवाय प्रत्येक संघ ड्राफ्टपूर्वी ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावू शकतो आणि तिथेही त्यांना तपासू शकतो. चित्रे सगळ्यांना सारखीच मिळतात, पण त्यांवरचे मत ज्याचे त्याचे असते. एका संघाने यादीतून पार पुसलेले नाव दुसऱ्याच्या यादीत दुसऱ्या फेरीत असते.

हे मत किती वेगळे पडू शकते, याचे ठळक उदाहरण ड्राफ्टबाहेरचे आहे. २००६ मध्ये करारमुक्त झालेल्या ड्रू ब्रीस या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) खांद्यावर नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली होती. मायामीच्या डॉक्टरांना तो खांदा पटला नाही, न्यू ऑर्लिन्सने त्याला घेतले. मायामीने त्याऐवजी दुसऱ्या फेरीची निवड देऊन डॉन्टे कल्पेपर या दुसऱ्या क्वार्टरबॅकला आणले. त्याचा गुडघा आदल्याच हंगामात तीन लिगामेंट (हाडांना हाडे जोडणारे बंध) तुटून निकामी झाला होता. कल्पेपर मायामीकडून चार सामने खेळला आणि ब्रीसने न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. मायामीने जोखीम नाकारली असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. त्यांनी खांद्याची जोखीम टाळून गुडघ्याची पत्करली.

जोखीम म्हणजे नेमके काय, हे दुखापतीगणिक बदलते. गुडघ्याचे एसीएल हे आतले मुख्य लिगामेंट एकटे तुटले असेल आणि मेनिस्कस (हाडांमधली गादी) व कूर्चा शाबूत असतील, तर ती बरीचशी वेळेची दुखापत असते. गुडघ्याच्या वाटीखालच्या किंवा मांडीमागच्या स्नायूच्या टेंडनचा तुकडा घेऊन नवे लिगामेंट बसवतात आणि ९ ते १२ महिन्यांत खेळाडू मैदानावर येतो. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. घाईने परतलेल्या तरुण खेळाडूत ते पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो आणि चांगल्या गुडघ्यालाही धोका असतो. दुसरे म्हणजे मेनिस्कसचे काय केले हा प्रश्न. तो शिवला असेल तर सावरायला वेळ जास्त लागतो, पण गादी टिकते. कापून काढला असेल तर खेळाडू लवकर धावू लागतो आणि काही वर्षांनी हाडावर हाड घासू लागते. बातमीत ‘गुडघ्याची शस्त्रक्रिया यशस्वी’ एवढेच येते. शिवला की कापला, हे एकाच शब्दाचे उत्तर हजार शब्दांपेक्षा कामाचे असते.

अकिलीस टेंडन तुटले तर खेळाडू परततो, पण टाचेतला तो पहिला झटका परततोच असे नाही. कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्याला अडवणारा) आणि पास रशर (चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाणारा) यांचे पोट त्या झटक्यावरच चालते. पावलाच्या बाहेरच्या बाजूचे पाचवे हाड, ज्याच्या मोडीला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात, तिथे रक्तपुरवठाच कमी असतो. आत स्क्रू घालूनही ते न जुळण्याची किंवा पुन्हा मोडण्याची भीती राहते. त्यामुळे दुखत नाही म्हणून खेळू देणे चूक, सीटी स्कॅनवर हाड जुळलेले दिसले पाहिजे. मणक्यातल्या डिस्कची शस्त्रक्रिया वेगळ्याच जातीची. बाहेर आलेला तुकडा काढतात, दाबलेली नस मोकळी होते, पण उरलेली डिस्क तीच असते. ती पुन्हा कधी सरकेल याला मुदत नाही.

हृदय आणि मानेतला अरुंद मणकामार्ग यांबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे भाव करायचा नसतो, होय किंवा नाही एवढेच ठरवायचे असते आणि तो अधिकार जनरल मॅनेजरचा नसून तज्ज्ञ डॉक्टरांचा असतो. मॉरिस हर्स्टला २०१८ मध्ये हृदयाच्या तपासणीत शंका आल्याने कम्बाइनमधून परत पाठवले. पुढे त्याला खेळण्याची परवानगी मिळाली आणि रेडर्सनी पाचव्या फेरीत, १४० व्या क्रमांकावर घेतल्यावर त्याने पहिल्याच हंगामात ४ सॅक केले, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला चार वेळा पाडले.

आता सर्वांत अवघड प्रकार, मज्जातंतू. जेलन स्मिथ हा नोत्र दाम विद्यापीठाचा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू). १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बोल या कॉलेज सामन्यात त्याच्या गुडघ्याची एसीएल व एलसीएल ही दोन्ही लिगामेंट तुटली आणि गुडघ्याच्या बाहेरून पायात उतरणारी पेरोनियल नस ताणली गेली. ही नस गेली की पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चवडा लोंबतो. लिगामेंटची दुरुस्ती सर्जनच्या हातात असते, नस आपली आपण वाढते आणि तिचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर असतो. म्हणजे ३० सेंटिमीटरला दहा महिने. तोवर स्नायू वाट पाहत असतो आणि दीड-दोन वर्षे संकेत न मिळाल्यास तो कायमचा निकामी होतो. नस तुटली आहे की नुसती ताणली आहे, हाच कळीचा मुद्दा. ताणलेल्या नसेच्या आतले धागे जुन्या नळीतून वाट काढत वाढू शकतात.

डॅलसने स्मिथला दुसऱ्या फेरीत, ३४ व्या क्रमांकावर घेतले तेव्हा बहुतेकांनी डोक्याला हात लावला. पण ती शस्त्रक्रिया ज्यांनी केली ते डॅन कूपर डॅलस संघाचेच डॉक्टर होते. इतरांना जे एमआरआयच्या सावल्यांतून ताडावे लागत होते, ते त्यांनी गुडघा उघडून पाहिले होते. स्मिथ २०१६ चा पूर्ण हंगाम बसला. २०१७ मध्ये पाऊल तोलणारा पट्टा बांधून सगळे १६ सामने खेळला आणि २०१९ च्या हंगामात प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यापर्यंत पोहोचला. याला जुगार म्हणणे अन्यायाचे आहे. इतरांपेक्षा जास्त माहिती असलेल्याने केलेला तो व्यवहार होता.

त्याच ड्राफ्टमध्ये दोनच जागा पुढे, ३६ व्या क्रमांकावर, जॅक्सनव्हिलने यूसीएलए विद्यापीठाचा लाइनबॅकर माइल्स जॅक घेतला. त्याचा मेनिस्कस सप्टेंबर २०१५ मध्ये फाटला होता आणि पुढे मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया लागू शकते, असे त्याने स्वतःच ड्राफ्टच्या आदल्या दिवशी सांगितल्याने तो घसरला. मायक्रोफ्रॅक्चर म्हणजे कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक भोके पाडून तिथे नवा थर धरू देणे. तो थर मूळ कूर्चेइतका टिकाऊ नसतो. दोघेही निरोगी असते तर खूप आधी जाणारे, दोघांचा भाव जवळजवळ सारखा पडला, पण दुखापतींचे घड्याळ अगदी उलटे होते. स्मिथचा धोका लगेचचा होता, दोन वर्षांत निकाल लागणार. जॅकचा धोका सावकाशीचा, कूर्चा झिजायला कित्येक वर्षे लागणार. संघ मात्र खेळाडूचे सारे आयुष्य विकत घेत नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारापासून नवख्याचा करार चार वर्षांचा आणि पगार निवडीच्या क्रमांकाने बांधलेला असतो. पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. कूर्चेचे घड्याळ आठ वर्षांचे आणि कराराचे चार वर्षांचे असेल, तर झिजण्याचा मोठा भाग संघाच्या गळ्यात पडतच नाही. जॅक जॅक्सनव्हिलकडे सहा हंगाम खेळला. माझ्या मते त्या रात्रीचा अधिक स्वस्त सौदा जॅकचा होता, जरी सगळे स्मिथचेच नाव काढत असले तरी.

जनरल मॅनेजरला तोलताना पहिला प्रश्न हाच असावा, की दुखापतीचे घड्याळ आणि कराराचे घड्याळ त्याने शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते का?

दुसरा प्रश्न भावाचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात निवडींचा गुणतक्ता तयार झाला. त्यात पहिली निवड ३,००० गुणांची, १६ वी १,००० ची, ३४ वी ५६० ची आणि १०० वी १०० ची. नवे तक्ते मागच्या निवडींना जास्त भाव देतात, पण हिशेबाची रीत तीच. समजा, एखादा खेळाडू निरोगी असता तर १६ व्या क्रमांकाच्या, म्हणजे १,००० गुणांच्या लायकीचा आहे. डॉक्टर म्हणतात, पूर्ण सावरण्याची शक्यता ६५ टक्के, निम्म्याने सावरण्याची २० आणि अजिबात न सावरण्याची १५ टक्के. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. ६५० अधिक १०० म्हणजे ७५० गुण. चार वर्षांपैकी पहिले वाया जाणार असेल तर त्याचे तीन चतुर्थांश, ५६२. तक्त्यावर हा भाव ३४ व्या निवडीचा आहे. आता पूर्ण सावरण्याची शक्यता ४५ टक्क्यांवर आणली आणि न सावरण्याची ३५ वर नेली, तर बेरीज ५५० होते, तिचे तीन चतुर्थांश ४१२, म्हणजे ४९ वी निवड. डॉक्टरच्या मतातला वीस टक्क्यांचा फरक खेळाडूला पंधरा जागा खाली नेतो. ‘पहिल्या फेरीचा खेळाडू दुसऱ्या फेरीत मिळाला’ या वाक्याने म्हणूनच काही सिद्ध होत नाही. दुसरी फेरी ३३ पासून ६४ पर्यंत असते आणि तक्त्यावर तिच्या दोन टोकांत दुपटीहून जास्त अंतर आहे.

यात एक सापळा आहे आणि अनुभवी माणसेही त्यात सापडतात. ३२ संघ एकच गुडघा पाहतात, प्रत्येकाचा अंदाज थोडा इकडे-तिकडे असतो आणि खेळाडू जातो तो सर्वांत आशावादी अंदाज करणाऱ्याकडे. म्हणजे तो आपल्याला मिळाला, यातूनच आपला अंदाज सरासरीहून चढा असल्याचा संशय घ्यायला हवा. डॅलसकडे होती तशी खास माहिती हाती नसेल, तर हिशेबात निघालेल्या भावाहूनही आणखी थोडे खाली थांबण्याची शिस्त लागते.

या दोन प्रश्नांची परीक्षा एकाच माणसावर घेता येते, ते म्हणजे टेनेसी टायटन्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर जॉन रॉबिन्सन. २०१९ मध्ये त्यांनी मिसिसिपी स्टेटचा जेफ्री सिमन्स १९ व्या क्रमांकावर घेतला. फेब्रुवारीत तयारी करताना त्याचे एसीएल तुटले होते. भाव उतरायला मैदानाबाहेरचे एक जुने प्रकरणही कारण होते, तेव्हा सगळी सूट गुडघ्याची धरू नये. २०२१ मध्ये त्यांनीच व्हर्जिनिया टेकचा कॉर्नरबॅक केलेब फार्ली २२ व्या क्रमांकावर घेतला. त्याच्या मणक्यावर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. वरवर पाहता दोन्ही निर्णय जुळे आहेत. एकच जनरल मॅनेजर, पहिल्या फेरीचा तोच भाग, ड्राफ्टच्या महिना-दोन महिने आधीची शस्त्रक्रिया.

तपशिलात उतरले की जुळेपण संपते. सिमन्सची दुखापत मुदतीची होती. ती भरली आणि तो ऑक्टोबर २०१९ मध्ये मैदानावर आला, पहिल्या हंगामात ९ सामने खेळला. त्याच्या जागी खेळायला टेनेसीकडे जुरेल केसीसारखे कसलेले बचावपटू असल्याने त्याला घाई करावी लागली नाही. फार्लीची पाठ बेमुदत जोखमीची होती आणि ती एकटी नव्हती. २०१७ मध्ये त्याचे एसीएल तुटले होते आणि कोविडमुळे २०२० चा हंगाम त्याने स्वेच्छेने सोडला होता. त्यामुळे २०१९ नंतरचे त्याच्या खेळाचे एकही चित्रीकरण नव्हते. त्याच मार्चमध्ये टेनेसीने अडोरी जॅक्सन आणि माल्कम बटलर या दोन्ही कॉर्नरबॅकना मुक्त केले होते. अशा वेळी वाट पाहायला लावणारा कॉर्नरबॅक घेणे मला तेव्हाही चूक वाटले आणि आजही वाटते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचे एसीएल पुन्हा तुटले, २०२२ मध्ये डिस्क पुन्हा सरकली, २०२३ मध्ये तो खेळलाच नाही. तीन हंगामांत १२ सामने झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला सोडून दिले.

माझे म्हणणे निकालावर बेतलेले नाही. फार्ली आज दर रविवारी खेळत असता तरी जोखमी एकावर एक रचून, गरजेच्या जागी, तक्त्यावरच्या ७८० गुणांना घेतल्याचा दोष तसाच राहिला असता, फक्त झाकला गेला असता. तसेच सिमन्सचे एसीएल दुसऱ्यांदा तुटले असते तरी २०१९ चा निर्णय योग्यच म्हणावा लागला असता. रॉबिन्सन यांना डिसेंबर २०२२ मध्ये हंगाम चालू असताना काढले गेले. सिमन्सशी ९ कोटी ४० लाख डॉलरचा नवा चार वर्षांचा करार झाला तो पुढच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या जनरल मॅनेजरच्या काळात.

इथे तिसरे घड्याळ येते, खुद्द जनरल मॅनेजरच्या खुर्चीचे. सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की यांचा प्रयोग त्यासाठी अभ्यासण्याजोगा आहे. २०१३ मध्ये त्यांचा संघ नुकताच सुपर बोल खेळून आला होता आणि हातात ११ निवडी होत्या. ५३ जणांच्या चमूत ११ नवखे मावणार नव्हते. म्हणून त्यांनी काही निवडी दुखापतग्रस्तांवर खर्चून त्यांना वर्षभर ‘साठवून’ ठेवले. टँक कॅराडीन ४० व्या क्रमांकावर, मार्कस लॅटिमोर १३१ व्या. पुढील वर्षी ब्रँडन थॉमस १०० वा, त्यानंतर डिअँड्रे स्मेल्टर आणि २०१६ मध्ये विल रेडमंड ६८ वा. नियम याला सोयीचे होते. कॉलेजात झालेली दुखापत एनएफएलची मानली जात नाही, असा खेळाडू ‘नॉन-फुटबॉल इंज्युरी’ यादीत जातो आणि ५३ मध्ये मोजला जात नाही. हंगामाच्या सुरुवातीला त्या यादीत गेलेल्याला आता किमान ४ सामने बसावे लागते, पूर्वी ६ सामने बसावे लागे.

२०१३ पुरता हा विचार चोख होता. लॅटिमोरचा दुसरा गुडघा ऑक्टोबर २०१२ मध्ये निखळून अनेक लिगामेंट तुटली होती. तो एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये निवृत्त झाला. पण त्याच्यासाठी मोजलेली किंमत तक्त्यावर चाळीसच्या आसपास गुण एवढीच होती, तिला कोणी उधळपट्टी म्हणू नये. चूक पुढे झाली. संघाची परिस्थिती पालटली तरी सवय पालटली नाही. २०१५ मध्ये पॅट्रिक विलिस, जस्टिन स्मिथ, ख्रिस बोरलंड असे एकामागून एक निवृत्त झाले, जागा रिकाम्या पडल्या आणि साठवणीतून बाहेर काढायला कोणी तयार नव्हते. जोखीम विभागण्यासाठी चार खेळाडू घेतले तरी चारही एकाच प्रकारच्या गुडघ्याचे असले आणि चौघांनाही वर्षभर थांबायचे असले, तर विभागणी झालीच नाही. बाल्की यांना २०१६ चा हंगाम संपताच जावे लागले. त्या यादीतल्या एखाद्या नावावर हसण्यात अर्थ नाही. तपासायची ती २०१५ आणि २०१६ ची निवड, कारण तोवर वाट पाहण्याची ऐपत संपली होती.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच, ड्राफ्टचा निर्णय आणि दुसऱ्या कराराचा निर्णय एकाच खात्यात टाकणे. चेंडू घेऊन धावणाऱ्या टॉड गर्लीचे एसीएल नोव्हेंबर २०१४ मध्ये तुटले आणि रॅम्सनी त्याला २०१५ मध्ये १० व्या क्रमांकावर घेतले. पहिल्या वर्षी १,१०६ यार्ड आणि सर्वोत्तम नवख्या आक्रमकाचा मान, २०१७ मध्ये सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा पुरस्कार. निवड शंभर टक्के वसूल. मग २०१८ च्या उन्हाळ्यात, जुन्या करारात अजून वेळ शिल्लक असताना, रॅम्सनी ४ कोटी ५० लाख डॉलरच्या हमीचा नवा करार केला. त्याच हंगामाच्या अखेरीस गुडघा कुरकुरू लागला, सुपर बोलमध्ये त्याच्या हातात चेंडू दिला गेला तो दहाच वेळा आणि मार्च २०२० मध्ये त्याला मुक्त केले. रॅम्सचे जनरल मॅनेजर लेस स्नीड यांनी २०१५ मध्ये गुडघ्याची चांगली वर्षे ठरल्या पगारात विकत घेतली होती, २०१८ मध्ये त्याच गुडघ्याची वाईट वर्षे चढ्या भावाने घेतली. जेलन स्मिथचेही तसेच. ऑगस्ट २०१९ मध्ये ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार, त्यातले ३ कोटी ५५ लाख हमीचे, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये निरोप. ‘स्मिथची निवड अखेर फसली’ असे म्हणणारे ३४ व्या निवडीवर दुसऱ्याच व्यवहाराचा तोटा टाकत असतात.

पाचव्या वर्षाच्या पर्यायाचेही इथे भान हवे. तो तिसऱ्या हंगामानंतर मेच्या सुरुवातीला घ्यायचा असतो आणि २०२० च्या सामूहिक करारापासून घेतला की पूर्ण हमीचा होतो. पूर्वी ती हमी केवळ दुखापतीपुरती असे. पहिले वर्ष दुखापतीत गेलेल्या खेळाडूबाबत संघाला हा निर्णय अवघ्या दोन हंगामांच्या खेळावरून करावा लागतो. जखमी खेळाडू पहिल्या फेरीत घेतला की एक जादा वर्ष मिळते, हा युक्तिवाद नव्या नियमानंतर पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही.

भीती एका ठिकाणची आणि घात दुसऱ्या ठिकाणी, असेही पुष्कळदा होते. जार्विस जोन्सच्या मानेतला मणकामार्ग अरुंद असल्याने गाजावाजा झाला, पिट्सबर्गने त्याला २०१३ मध्ये १७ व्या क्रमांकावर घेतले. मान टिकली, पण चार हंगामांत सॅक झाले फक्त ६. ती निवड फसली याचा दोष डॉक्टरांचा नव्हता, खेळ पारखणाऱ्यांचा होता. तुआ टॅगोवायलोआचा खुबा नोव्हेंबर २०१९ मध्ये निखळून मोडला, मायामीने त्याला पाचवा घेतला आणि सगळे खुब्याकडे डोळे लावून बसले. पुढे आडवे आले ते डोक्याला बसलेले मार. मायामीला त्या निवडीबद्दल विचारायचे तर सहाव्या क्रमांकावर चार्जर्सनी घेतलेल्या जस्टिन हर्बर्टबद्दल विचारावे, ती तुलना रास्त आहे, कारण त्या रात्री दोघेही समोर होते.

आणि तुलना नेहमी अशीच, मैदानावरच्या त्याच जागेच्या पुढच्या नावाशी असावी. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी दाखवले आहे की आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या निवडीहून सरस ठरण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के आहे. सगळ्यांचे पाय धड असतानाही निवड नाणेफेकीहून किंचितच बरी असते. मग सिडनी जोन्ससारखा, मार्च २०१७ मध्ये प्रो डेच्या, म्हणजे कॉलेजातल्या चाचणीच्या, दिवशीच अकिलीस तुटलेला कॉर्नरबॅक ४३ व्या क्रमांकावर घेऊन फिलाडेल्फियाला तो लाभला नाही, तर त्यातले किती टाचेचे आणि किती नेहमीच्या नाणेफेकीचे, हे वेगळे काढायला नको का?

उलट बाजूही तितकीच तपासावी. रॉब ग्रोन्कोवस्कीने पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे २००९ चा अख्खा कॉलेज हंगाम गमावला होता. न्यू इंग्लंडने त्याला ४२ वा घेतला. धोका खरा ठरला नाही असे अजिबात नाही. हात मोडला, एसीएल तुटले, डिसेंबर २०१६ मध्ये पाठ पुन्हा उघडावी लागली. २०१२, २०१३ आणि २०१६ या तीन हंगामांत मिळून त्याचे २२ सामने बुडाले. तरीही २०११ मधले १७ टचडाउन आणि उरलेल्या वर्षांतला खेळ इतका मोठा की दुसऱ्या फेरीची किंमत त्यापुढे किरकोळ. सामने बुडणार हे भावात धरलेलेच होते.

निक चबचा डावा गुडघा २०१५ मध्ये जॉर्जियाकडून खेळताना निखळला, पण एसीएल आणि नस वाचली. क्लीव्हलंडने त्याला २०१८ मध्ये ३५ वा घेतला आणि पाच हंगामांत तो ६,३४१ यार्ड धावला. सप्टेंबर २०२३ मध्ये तोच गुडघा पुन्हा गेला, तेव्हा नवख्याचा करार संपून दुसरा करार चालू होता. त्या निवडीला गुण द्यायचे तर तारखा पाहिल्याशिवाय कसे देणार?

आपल्या पानावर ड्राफ्टचा तक्ता छापताना दुखापत असलेल्या प्रत्येक नावापुढे चार रकाने द्यावेत, ही विनंती. शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार व तारीख, निवडीचा क्रमांक, त्या जागी संघाकडे सध्या कोण आहे आणि त्याच जागेचा पुढे गेलेला खेळाडू. तीन वर्षांनी, पाचव्या वर्षाच्या पर्यायाची मुदत येईल तेव्हा, तोच तक्ता खेळलेल्या आणि बुडालेल्या सामन्यांसह पुन्हा छापावा. दुसरा करार झाला असेल तर तो वेगळ्या ओळीत, ज्याने सही केली त्याच्या नावावर.

आपला,
एक नियमित वाचक